विटा ते गुवाहाटी: अंतर तेच, वेळ वेगळी

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली आणि साताऱ्याच्या माण-खटावमधली गलाई कुटुंबं देशभर पसरली आहेत. सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. दुष्काळी गाव सोडून कुणी कोइमतूरला दुकान थाटलं, कुणी कोलकात्याला, कुणी थेट गुवाहाटीला. पूर्वी गावी यायचं तर दिवसच्या दिवस रेल्वेत जायचे. आता विमान आहे.

पुणे ते गुवाहाटी हवाई अंतर सुमारे २,००० किलोमीटर. ते सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजत नाहीत. पृथ्वी गोल, त्यामुळे सर्वांत जवळची वाट म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचा कंस. मोठ्या पल्ल्यात ही गंमत कळते. नकाशात न्यू यॉर्क मुंबईच्या पश्चिमेला दिसतं. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो मुंबईहून बराचसा उत्तरेकडे निघतो, आर्क्टिक वृत्ताच्या जवळपास पोचतो आणि मग खाली वळतो. लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर.

अंतर कळलं म्हणजे वेळ कळली, असं मात्र नाही.

हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला, साधारण १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. हाच जेट प्रवाह. कृष्णेत धारेबरोबर आणि धारेविरुद्ध पोहण्यात जो फरक, तोच इथे. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वारा ताशी १०० धरला, तर गुवाहाटीला जाताना २ तास ६ मिनिटं लागतील, परतताना २ तास ४० मिनिटं. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून ४ तास ४२ मिनिटांत झाल्या असत्या. वाऱ्यात ४ तास ४६ लागतात. येताना गमावलेलं जाताना कमावलेल्यातून पुरतं फिटत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

एअर इंडियाने २०१६च्या ऑक्टोबरात अशाच वाऱ्याचा फायदा घेतला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० वर गेली, तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर झाला.

तिकिटावरच्या वेळेत हा वारा आधीच धरलेला असतो. धरलेला नसतो तो जमिनीवरचा प्रवास. कराडला धावपट्टी आहे, कवलापूरच्या विमानतळाची मागणीही जुनी आहे. तरी विट्याच्या माणसाला लांबच्या विमानासाठी बहुधा पुणंच गाठावं लागतं. त्यात खंबाटकी घाटात वाहनं तुंबली की आकाशात वाचलेला पाव तास तिथेच संपतो. तेव्हा तिकीट काढताना हिशेब विमानतळापासून नव्हे, घराच्या उंबऱ्यापासून करावा.