पदवी घेऊन नात घरी येते तेव्हा

मे महिना सरत येतो. रोहिणी नक्षत्र लागलेले असते आणि पेरणीपूर्वीची वखरणी उरकण्यासाठी घरातील कर्ती माणसे पहाटेच रानात गेलेली असतात. अशा एखाद्या दुपारी नांदेडहून आलेली एसटी किनवटच्या बसस्थानकावर थांबते. तीन वर्षे वसतिगृहात राहिलेली नात पत्र्याची पेटी, पुस्तकांचे पोते आणि गुंडाळलेली गादी घेऊन उतरते. शेवटचा पेपर झालेला असतो, खोली रिकामी करून द्यावी लागलेली असते. ओसरीवर वाट पाहत बसलेली आजी तिच्या तोंडावरून हात फिरवते, कानशिलावर बोटे मोडते आणि म्हणते, "आली माय, आता कुठं जाऊ नको."

हे चित्र कोण्या एका घराचे नाही. दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस किनवटच्या आसपासच्या गावागावांत, वाड्यातांड्यांवर ते पाहावयास मिळते. आजीच्या त्या वाक्यात जितकी माया आहे, तितकीच एक मागणीही आहे. पदवीनंतरचे पहिले वर्ष तरुणांच्या आयुष्यातील वळण मानले जाते. परंतु त्याच वर्षी घरातील वृद्धांची झोप, औषधपाणी, सोबत आणि मनःस्वास्थ्यही बदलत असते, हे सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. आपण आजी-आजोबा असाल किंवा घरातील वृद्धांची सेवा करणारे असाल, तर हे वर्ष नीट समजून घेणे आपल्या आरोग्याच्या दृष्टीने अगत्याचे आहे.

दीडशे किलोमीटरांचे अंतर

किनवट ते नांदेड हा रस्ता भोकर-हिमायतनगरमार्गे जवळजवळ दीडशे किलोमीटरांचा. पदवीपर्यंतचे शिक्षण तालुक्यात घेता आले, तरी पुढील शिक्षणासाठी किंवा विशिष्ट अभ्यासक्रमासाठी अनेकांना नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते. रोज जाऊन येणे शक्य नसते. म्हणून इथल्या मुलामुलींचे शिक्षण म्हणजे घरापासूनची काही वर्षांची ताटातूट, आणि शिक्षण संपणे म्हणजे जवळजवळ नव्याने घरात राहावयास येणे.

आपल्यापैकी ऐंशी ओलांडलेल्यांना आठवत असेल की १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होते. निजामी राजवटीत उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचे, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू. मुक्तिसंग्रामानंतर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ मिळण्यास मात्र १७ सप्टेंबर १९९४ हा दिवस उजाडावा लागला. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्या विद्यापीठास देण्यात आले. आपल्या पिढीतील बहुतेकांच्या वाट्यास विद्यापीठ आलेच नाही. म्हणून नातवंडांची पदवी आपल्याला घरावर चढवलेल्या कळसासारखी वाटते. तिचा आनंद मोठा असतो आणि त्यामुळेच तिच्याकडून असलेल्या अपेक्षेचे ओझेही मोठे होते.

एका घरात दोन घड्याळे

घरी परतलेल्या मुलांविषयी पहिली तक्रार बहुधा झोपेची असते. नात रात्री एक-दीडपर्यंत जागते, सकाळी नऊला उठते. आजी रात्री आठला अंथरुणावर पडते आणि पहाटे चारला डोळे उघडते. एकीला दुसरी आळशी वाटते. दुसरीला पहिलीची पहाटेची भांड्यांची आदळआपट सहन होत नाही.

ह्यामागे स्वभावापेक्षा शरीराचा भाग अधिक आहे. शरीरातील झोपेचे घड्याळ तारुण्यात उशिराकडे सरकलेले असते. त्यात परीक्षेच्या जागरणांची आणि मोबाइलच्या उजेडाची भर पडते. उतारवयात तेच घड्याळ लवकरकडे सरकते, झोप सावध होते आणि मध्येच तुटते. वृद्धांनाही रात्री सात तासांच्या आसपास झोप लागतेच. 'म्हातारपणी झोप नसली तरी चालते' हा समज चुकीचा आहे. झोप अपुरी राहिल्यास रक्तदाब व साखर आटोक्यात राहणे कठीण होते आणि तोल जाऊन पडण्याची भीतीही वाढते.

ह्यावर उपाय साधेच आहेत. रात्री नऊनंतर वृद्धांच्या खोलीतील मोठा दिवा बंद करावा. मात्र न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर लहान दिवा ठेवावा. अभ्यासाची जागा दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीच्या टोकाला असावी. वृद्धांनी दुपारची झोप अर्ध्या तासाहून अधिक वाढू देऊ नये. सकाळचे कोवळे ऊन दोघांनीही घ्यावे. त्याने दोन्ही घड्याळे हळूहळू जवळ येतात. झोपेची गोळी मात्र कोणी सुचवली म्हणून घेऊ नये. वृद्धांमध्ये अशा गोळ्यांनी गुंगी राहते, गोंधळ उडतो आणि मोडलेली हाडे घेऊन रुग्णालय गाठण्याची वेळ येते.

"पुढं काय?"

निकाल लागतो. गुणपत्रक येते, पेढे वाटले जातात. त्यानंतर पारावर, किराणा दुकानात, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न सुरू होतो: "मग, पुढं काय?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण पोलीस भरती, तलाठी परीक्षा किंवा लोकसेवा आयोगाची जाहिरात ह्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला तोच प्रश्न दिवसातून चार वेळा ऐकावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो अधिक खोल रुततो. वसतिगृहात त्याच्यासारखे शंभर जण होते. गावात तो एकटा असतो. शिक्षणामुळे शेतातील कामाची सवय सुटलेली, नोकरी मिळालेली नाही, आणि समवयस्क मित्र बाहेरगावी गेलेले. अशा वेळी घरात राहूनही माणूस एकाकी पडतो.

येथे आजी-आजोबांचे स्थान फार महत्त्वाचे आहे. आईवडिलांपुढे जे बोलता येत नाही, ते नातवंडे कित्येकदा आजीपुढे बोलतात. म्हणून आपण प्रश्न बदलावा. 'नोकरीचं काय झालं?' असे न विचारता 'आज काय वाचलंस?', 'चल, माझ्यासोबत देवळापर्यंत येतोस का?' असे विचारावे. चालता चालता माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो.

काही खुणांकडे मात्र डोळेझाक करू नये. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडत्या गोष्टींतही रस न उरणे, जेवण आणि झोप एकदम घटणे किंवा वाढणे, माणसे टाळणे, 'मी असून काय उपयोग' अशी भाषा तोंडी येणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. मरणाची भाषा कानावर आली तर ती धमकी किंवा नाटक समजू नये. त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, कीटकनाशकांचे डबे कुलपात ठेवावेत आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो रात्रंदिवस चालतो, त्यास पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. ही लक्षणे वृद्धांमध्येही तशीच दिसतात, म्हणून तोच क्रमांक आपल्यासाठीही आहे.

न मागता आलेली सेवा

आता पुन्हा त्या नातीकडे वळू. पहिल्या आठवड्यात ती आजीच्या गोळ्या डबीत लावून देते. दुसऱ्या आठवड्यात इन्सुलिनचे इंजेक्शन देण्यास शिकते. महिन्याभरात आजीची आंघोळ, जेवण, रात्रीचे उठणे हे सारे तिच्याकडे येते. कोणी तिला तसे सांगितलेले नसते. ती घरी आहे, शिकलेली आहे आणि मुलगी आहे, एवढे कारण पुरते. आईच्या अंगावरचा भार हलका होतो आणि आजी सुखावते.

मग एक दिवस पुण्याहून पुढील शिक्षणाच्या प्रवेशाचा संदेश तिच्या मोबाइलवर येतो. आठ दिवसांत शुल्क भरून हजर व्हायचे असते. ती तो संदेश दोनदा वाचते आणि घरात कोणालाही सांगत नाही. आपण गेलो तर आजीला सुई कोण देईल, हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला घातलेला असतो. मुदत निघून जाते. पुढे कित्येक वर्षांनी, कदाचित आजी गेल्यानंतर, ती हे कोणाजवळ तरी बोलून दाखवते. तोवर वेळ टळून गेलेली असते.

कुठल्या आजीला हे हवे असेल? तिने मागितली होती सोबत. नातीचे भविष्य मागितले नव्हते. परंतु न बोलल्यामुळे दोघींचेही नुकसान होते. म्हणून पदवीनंतर मूल घरी आले की पहिल्या महिन्यातच घरच्या सर्वांनी एकत्र बसावे. कोणते काम कोणी किती दिवस करायचे हे स्पष्ट ठरवावे. नात सेवा करीत असेल तर तिला अभ्यासाचे तास राखून द्यावेत, आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा द्यावा, आणि घरातील मुलग्यांनीही गोळ्यांची डबी भरण्यास शिकावे. सेवा करणाऱ्याची चिडचिड, पाठदुखी, अपुरी झोप हे त्याच्या मायेतील उणेपण नसते. ती थकव्याची लक्षणे असतात.

ती निघण्यापूर्वी

शिकलेले मूल घरात आहे तोवर आपल्या औषधोपचाराची घडी बसवून घ्यावी, म्हणजे त्याच्या जाण्याने काही अडणार नाही. एका वहीत मोठ्या अक्षरांत औषधाचे नाव, कशासाठी, किती आणि केव्हा हे मराठीतून लिहून घ्यावे. रक्तदाब व साखरेच्या नोंदी त्याच वहीत ठेवाव्यात. गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय असो वा नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तपासणीस जाताना ती वही सोबत न्यावी.

इन्सुलिन घेत असाल तर उन्हाळ्यात विशेष जपावे. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. मात्र बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. फ्रिज नसल्यास बाटली घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून, ती डबी पाण्याने गार राहणाऱ्या मातीच्या मडक्यात ठेवता येते. साखर एकाएकी उतरली की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो. माणूस शुद्धीवर असेल तर चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटताच भाकरीचे चार घास खाऊ घालावेत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, जीभ अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे दिसली तरीही १०८ ला फोन करण्यास क्षणाचा विलंब लावू नये. हे सर्व नातीबरोबरच घरातील आणखी दोघांना आणि एखाद्या शेजाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे. गावातील आशाताईंनाही आपल्या आजाराची कल्पना देऊन ठेवावी.

कागदपत्रांची कामेही ह्याच काळात मार्गी लावावीत. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. त्यासाठीचे 'वय वंदना' कार्ड आधारच्या साहाय्याने काढून घेण्यास नातवंडांना सांगावे. त्यांच्या शिक्षणाचा तो पहिला प्रसाद घरालाच मिळेल.

रिकाम्या ओसरीचे दिवस

आणि मग ती जाते. पहिले पंधरा दिवस घर खायला उठते. भूक मंदावते, गोळी चुकते, दुपार सरता सरत नाही. ही हुरहूर स्वाभाविक आहे. ती लपवण्याची गरज नाही. फोनसाठी एक ठरलेली वेळ असावी, म्हणजे दिवसभर वाट पाहणे राहत नाही. संध्याकाळी समवयस्कांत बसावे, भजनाला जावे, शेळीला पाला घालावा, शेंगा फोडाव्यात. हातांना काम असले की मन स्थिरावते. बोलण्यास कोणीच नसेल किंवा घरात आबाळ होत असेल, तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा क्रमांक आहे.

आपणही प्रवास करू शकता. ऑगस्ट २०२२ पासून राज्यातील एसटीत ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना तिकीट लागत नाही, आणि मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. प्रकृती बरी असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर थंडीच्या दिवसांत आजीने दोन दिवसांच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि ती वही पिशवीत घालून नातीचे शहर पाहून यावे. ज्या विद्यापीठाची पायरी आपल्याला चढता आली नाही, तिथल्या झाडाखाली बसून तिच्याबरोबर घोटभर चहा घ्यावा.

मात्र त्यासाठी आधी तिला निघू द्यावे लागेल. म्हणून पुढच्या वेळी ती पेटी घेऊन ओसरीवर आली की तिच्या कानशिलावर बोटे अवश्य मोडा, पोटभर जेवू घाला, आणि रात्री निजण्यापूर्वी एवढेच विचारा: "माय, तुला कुठं जायचंय ते सांग. माझी सोय आपण दोघी मिळून लावू."