पगारासोबत खोलीही हवी

सांगोल्याशेजारच्या माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट मतदानातून सरपंच केले. गावाने मत दिले, हे मोठेच. पण सूतगिरणी, कापडाचे दुकान किंवा डाळिंबाच्या पॅकिंगवर रोजचे काम मिळणे आणि ते टिकणे, ही परीक्षा वेगळी आहे.

तृतीयपंथी असणे हा मनाचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तो मानसिक विकारांमध्ये धरलेला नाही. मग नैराश्य आणि आत्महत्येचे विचार या समूहात अधिक का दिसतात? संशोधक याला ‘अल्पसंख्याकांचा ताण’ म्हणतात. टोमणा बसतो तेव्हा त्रास होतोच. पण ज्या दिवशी कोणी काही बोलत नाही, त्या दिवशीही ‘आता कोणीतरी बोलेल’ या धास्तीने शरीर सावध राहते. झोप उडते, छाती धडधडते, कामात चुका होतात. मग ‘यांना काम जमत नाही’ असे म्हणायला लोक मोकळे!

कोची मेट्रोने २०१७ मध्ये तृतीयपंथी कर्मचारी नेमले, तेव्हा देशभर कौतुक झाले. थोड्याच दिवसांत त्यांतल्या काही जणींनी नोकरी सोडली. शहरात कोणी खोली भाड्याने देईना आणि लॉजचे भाडे पगारात भागेना. नेमणूकपत्र देऊन मालकाची जबाबदारी संपत नाही, ती अशी. सांगोल्यासारख्या गावात, जिथे घरमालक, मुकादम आणि दुकानदार एकमेकांना ओळखतात, तिथे एकाने पाठ फिरवली की बाकीची दारेही लागतात. उलटही घडते. एका मुकादमाने शब्द टाकला, तर खोली मिळू शकते.

२०१९ च्या कायद्याने नोकरीत भेदभावाला मनाई केली आणि आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगितले. पण स्वच्छतागृह कोणते वापरायचे, हजेरीपटावर नाव कोणते, चहाच्या सुट्टीत शेजारी कोण बसणार, यावर मनाचे आरोग्य जास्त अवलंबून असते. यातल्या बऱ्याच गोष्टींना खर्चही येत नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक किंवा कामातले लक्ष उडाले असेल, तर डॉक्टरांना भेटावे. मरणाचे विचार येत असतील, तर तेवढेही थांबू नये. ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते.