बारा टनांचं घर आणि स्टेपनी

निवृत्तीनंतर अमेरिकेत मुलांकडे गेलेली आपली मंडळी हल्ली मोटरहोमची सहलही करून येतात. स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर असं सगळं चाकांवर. यातली सर्वांत मोठी, बसच्या आकाराची गाडी म्हणजे ‘क्लास ए’. तिचं वजन सहज बारा टनांच्या पुढे जातं, पण बहुतेकदा तिच्यात स्टेपनीच नसते. ट्रकच्या चासीखाली टांगलेलं जादा चाक पाहत वाढलेल्या माणसाला हे पटत नाही. एवढी महागडी गाडी आणि एक चाक जास्तीचं देता येऊ नये?

त्याचं उत्तर त्या चाकाच्या वजनात आहे. मोठ्या मोटरहोमची रिम २२.५ इंची असते. टायर पन्नास-पंचावन्न किलोंचा आणि त्यात पोलादी रिम, म्हणजे पूर्ण चाक ऐंशी-नव्वद किलोंच्या घरात. नट ज्या जोराने आवळायचे तो साधारण ४५० ते ५०० फूट-पाउंड, म्हणजे कारच्या चार-पाच पट. मागच्या ॲक्सलवर आठ-नऊ टनांचा भार असतो. गाडी समतल उभी राहावी म्हणून तिला स्वतःचे जॅक दिलेले असतात, पण ते वापरून चाक काढू नका, असं कंपन्याच बजावतात. शेजारून ताशी शंभरच्या वर वाहनं सुसाटत असताना, रस्त्याच्या उतरत्या कडेला साठी-सत्तरीच्या जोडप्याने हे काम करावं, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. आपल्याकडे ट्रकवर ड्रायव्हर आणि क्लीनर मिळून ते करतात. अमेरिकेतले लांब पल्ल्याचे ट्रकवालेही बहुधा स्टेपनी नेत नाहीत. फोन केला की टायरवाल्यांची सर्व्हिस व्हॅन जागेवर येते.

म्हणजे चाक बदलणारा माणूस मिळतो. खरी अडचण टायर मिळण्याची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. २९५/७५ आर २२.५ हे अमेरिकी ट्रकांचं नेहमीचं माप, ते महामार्गावर कुठेही मिळेल. पण काही मोटरहोमना २५५/८० आर २२.५, तर काही जड गाड्यांच्या पुढच्या चाकांना ३६५/७० आर २२.५ असे टायर लागतात. शुक्रवारी संध्याकाळी नेवाडातल्या एखाद्या खेड्याजवळ असा टायर फुटला, तर तो येईपर्यंत मुक्काम तिथेच. माझं मत असं की, ज्यांचं माप दुर्मीळ आहे त्यांनी रिम न लावलेला नुसता टायर सामानाच्या कप्प्यात ठेवावा. रिम सहसा शाबूत राहते आणि टायर चढवण्याची साधनं व्हॅनमध्ये असतात. नवे टायर घ्यायची वेळ आली की हा जपलेला टायर आधी वापरावा, कारण पडून राहिलेला टायरही म्हातारा होतोच.

अलास्काची गोष्ट वेगळी. फेअरबँक्सच्या उत्तरेकडून डेडहॉर्सला जाणारा ६६६ किलोमीटरचा डाल्टन हायवे मोठ्या प्रमाणात खडीचा आहे. कोल्डफूटनंतर जवळपास ३८५ किलोमीटर पेट्रोलपंपही नाही. तिथे जाणाऱ्यांना सरकारी भूव्यवस्थापन खातं रिमसह दोन पूर्ण आकाराच्या स्टेपन्या न्यायला सांगतं. बारा टनांची गाडी तिथे नेऊच नये, असं मला वाटतं.

स्टेपनीवर वाद घालण्याआधी टायर का फुटतात, हे पाहायला हवं. मोटरहोम महिनोन्‌महिने उन्हात उभी असते. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून कडक झालेलं असतं. त्यात हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त लवतात, तापतात आणि टायर उकलतो. मागच्या जोडचाकांत आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरून कळत नाही. त्याचा सगळा भार शेजारचा टायर वाहतो आणि मग तोही जातो. फायरस्टोन कंपनीचे टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर अमेरिकेने २००० साली कायदा केला आणि पुढे नव्या गाड्यांत हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. पण ती सक्ती ४,५३६ किलोंपर्यंतच्या गाड्यांपुरती. ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज, त्या मोठ्या गाड्या तिच्यातून सुटल्या. हे मला साफ चुकीचं वाटतं. म्हणून मालकाने सेन्सर स्वतः बसवून घ्यावेत. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर प्रत्येक ॲक्सलचं वजन करावं आणि कंपनीच्या तक्त्याप्रमाणे गार टायरमध्ये हवा भरावी.

तरीही पुढचा टायर फुटलाच, तर ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरावं, क्षणभर ॲक्सिलरेटर देऊन गाडी सरळ राखावी आणि मग वेग हळूहळू उतरू द्यावा. पहिली भीती पायाला ब्रेककडेच नेते, म्हणून हे चालवणाऱ्याने आणि शेजारी बसणाऱ्याने, दोघांनीही आधी घोकून ठेवावं.

आपल्यातले बहुतेक जण भाड्याने घेतात ती लहान, व्हॅनच्या चासीवरची ‘क्लास सी’ गाडी. तिची चाकं बहुधा १६ इंची, माणसाला उचलता येतील अशी. तिच्यात स्टेपनी असलीच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. चावी घेण्याआधी स्टेपनी आहे का, रस्त्यावरच्या मदतीची योजना एवढ्या मोठ्या गाडीला लागू होते का, हे विचारा. मग खाली वाकून टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर सात वर्षांपेक्षा जुना निघाला, तर संकोच न करता दुसरी गाडी मागा.