जुनी जीप-पिकअप घेताय? रंग नको, इंजिन बघा



*कोणतं इंजिन जास्त टिकतं?*
सीसी जास्त, एचपी कमी, म्हणजे ताण कमी. टोयोटा क्वालिसचं डिझेल इंजिन जवळपास २४५० सीसीचं, ताकद फक्त ७५ एचपीच्या आसपास, टर्बोही नाही. म्हणून ते ओझ्याला दमत नाही. ट्रॅक्टरचं इंजिनही कमी आरपीएमवर चालतं, म्हणूनच वर्षानुवर्षं टिकतं.

*पण चांगलं इंजिनही तीन गोष्टींनी जातं:*
१) धूळ: एअर फिल्टर फाटका असला की रिंग-लायनर घासतात.
२) उष्णता: काटा वर गेला की थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.
३) जुनं ऑइल: ओझ्याची, धुळीची गाडी असेल तर मुदतीआधीच बदला.

*घेण्याआधी:*
✅ सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या.
✅ निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.
✅ इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. जोरात धूर फेकला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, रिंगा गेल्या.
✅ ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय. घेऊ नका.
✅ आरसी आणि फिटनेसची मुदत तपासा.

इंजिनचं काम निघालं तर स्वस्तातली गाडी महागात पडते. सौदा ठरवण्याआधी आपला मिस्त्री सोबत न्या.