डोलजाळे आणि संगणकावरचा खेळ

शाळेत संगणकाच्या तासाला मुले काय शिकतात? बहुधा, कोणत्या चित्रावर टिचकी मारली की काय उघडते, एवढेच. दोनतीन वर्षांत ती चित्रे बदलतात आणि शिकलेले वाया जाते. आपल्याकडे १९८४ साली 'क्लास' प्रकल्पात सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. ती यंत्रे केव्हाच अडगळीत गेली. यंत्रापुढे बसवून मुलांना शिकवायचे काय, हा प्रश्न मात्र उरला.

पवईच्या आयआयटीतील श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमाला याच प्रश्नातून तयार केली. तेजस, ज्योती आणि मोझ नावाचा उंदीर यांच्या गप्पांतून मुले आधी एखाद्या कामाच्या पायऱ्या पाडायला शिकतात आणि मग 'स्क्रॅच'मध्ये आज्ञावली रचतात. (एमआयटीत तयार झालेली स्क्रॅच ही भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडायचे असतात.)

हे वर्गात कसे घडेल? मढच्या शाळेत पाचवीच्या मुलांना मासे पकडण्याचा खेळ रचायला दिला, असे समजा. बहुतेक मुले होडीला माशांमागे पळवतील. पण कोळीवाड्यातले एखादे मूल म्हणेल, "बाई, डोल अशी नसते." ते बरोबरच आहे. डोलजाळे म्हणजे रुंद तोंडाची, शेपटाकडे निमुळती होत गेलेली लांब पिशवी. ती एका जागी बांधलेली असते आणि भरती-ओहोटीचे पाणी बोंबील तिच्यात आणून सोडते. म्हणजे खेळात जाळे स्थिर हवे, मासे चालते हवेत.

आता 'पाणी' नावाचा एक चल घ्या. भरतीला त्याची किंमत १, ओहोटीला −१. प्रत्येक फेरीत मासा ५ × पाणी इतका सरकतो. चिन्ह बदलले की सगळे मासे उलटे फिरतात. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकते, तेव्हा किंमत ०. मासेही थांबतात आणि जाळे ओढायची वेळ होते. स्क्रॅचच्या पडद्यावर मध्यभागी ०, डाव्या कडेला −२४०, उजव्या कडेला २४० असते. फळ्यावर कंटाळवाणी वाटणारी ऋण संख्या इथे मुलाला हवीच असते. खऱ्या समुद्रात भरती सहा तासांहून थोडी अधिक चालते. खेळात वीस सेकंद पुरतात. प्रतिकृती करताना काय ठेवायचे, काय आखडायचे, हा विज्ञानातला मोठा धडा इथे सहज येतो.

मग गंमत होते. एक बोंबील जाळ्यात शिरतो आणि गुण मिळतात पंधरा! यंत्र बिघडलेले नसते. 'जाळ्याला लागला तर गुण १ ने वाढव' ही आज्ञा 'सतत कर'च्या ठोकळ्यात आहे, आणि ती फेरी सेकंदाला सुमारे ३० वेळा होते. मासा अर्धा सेकंद टेकला की पंधरा गुण झाले. इथे शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. एका मुलाला मासा करा, दुसऱ्याला जाळे; तिसरा आज्ञा मोठ्याने वाचेल, चौथा फळ्यावर गुण मांडेल. दोनचार फेऱ्यांत वर्गालाच कळते की गुण दिल्याबरोबर माशाला पुन्हा कडेला न्यायला हवे. कोणत्या कडेला? भरतीला डाव्या, ओहोटीला उजव्या, म्हणजेच −२४० × पाणी. हे सूत्र नववीच्या मुलांना स्वतः शोधू द्या.

या साऱ्यात संगणक लागला तो शेवटी, म्हणून चाळीस मुलांत चार यंत्रे असली तरी काम अडत नाही. स्क्रॅच एकदा यंत्रावर बसवले की इंटरनेटशिवाय चालते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून आज्ञावली-लेखनाचा उल्लेख आहे. पण तयार खेळ उतरवून त्यातले रंग बदलणे म्हणजे आज्ञावली-लेखन, असे होऊ लागले तर पुन्हा टिचक्याच शिकवल्या जातील. खेळ सुरू करण्यापूर्वी मुलाला विचारून पाहा: ओहोटी लागली की हा मासा कुठे जाईल? उत्तर वहीत लिहून घ्या, आणि मगच हिरव्या झेंड्यावर टिचकी मारू द्या.