टेनिसपटूंमधील स्नायूंचा थकवा व खांद्याची हालचाल

प्रस्तावना
टेनिसमधील सर्व्हिस हा खांद्यावर मोठा ताण आणणारा फटका होय. २०१० च्या विम्बल्डन स्पर्धेत जॉन इस्नर व निकोला माहू यांचा सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला. त्यातील १८३ गेम्सपैकी सुमारे नव्वद गेम्समध्ये प्रत्येकाला सर्व्हिस करावी लागली. असे सामने विरळा असले, तरी रोजच्या सरावातही हीच क्रिया पुनःपुन्हा घडते. थकव्यामुळे खांद्याच्या हालचालीत कोणते बदल होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खांद्याची रचना
दंडाच्या हाडाचा गोल माथा अंसफलकाच्या, म्हणजे पाठीवरील त्रिकोणी हाडाच्या, उथळ खोबणीत टेकलेला असतो. त्यास जागेवर धरून ठेवण्याचे कार्य प्रामुख्याने ‘रोटेटर कफ’ या चार स्नायूंचा समूह करतो. हात पूर्ण वर नेताना होणाऱ्या सुमारे १८० अंशांच्या हालचालीपैकी ढोबळमानाने १२० अंश मुख्य सांध्यात व ६० अंश अंसफलकाच्या फिरण्याने साध्य होतात. या दोहोंचा मेळ हाच निर्दोष सर्व्हिसचा पाया होय.

थकव्याचे परिणाम
चेंडू मारल्यानंतर वेगाने पुढे जाणाऱ्या हातास आवरण्याचे काम खांद्याच्या मागील स्नायूंना करावे लागते. त्या वेळी ते आकुंचन पावत असतानाच ताणले जातात. म्हणून त्यांवर विशेष ताण येतो. हे स्नायू थकले की दंडाच्या हाडाचा माथा वर सरकण्याची प्रवृत्ती वाढते. त्याच्या व अंसफलकाच्या वरच्या टोकामधील जागा अरुंद होऊन तेथील स्नायुबंध दाबले जाऊ शकतात. अंसफलकाच्या हालचालीतील बदल मात्र सर्व अभ्यासांत एकसारखे आढळलेले नाहीत. हात नेमका कोणत्या स्थितीत आहे याची जाणीवही थकव्याने मंदावते. परिणामी फटक्यातील जोर टिकून असला, तरी हालचालीवरील नियंत्रण आधीच ढळलेले असू शकते. खेळाडूच्या ते लक्षातही येत नाही.

प्रतिबंधात्मक उपाय
सर्व्हिसमधील सुमारे निम्मी शक्ती पाय व धड यांतून येते. ते थकल्यास उणीव भरून काढण्याचा भार खांद्यावर पडतो. म्हणून केवळ दंडाचा व्यायाम पुरेसा नाही. पाय, कंबर व अंसफलकाभोवतीचे स्नायू यांची क्षमता वाढविणे, सरावातील सर्व्हिसची संख्या मोजणे आणि पुरेशी विश्रांती देणे आवश्यक ठरते. मारिया शारापोव्हा हिच्या खांद्यावर २००८ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली होती. जागतिक दर्जाच्या खेळाडूंनाही या दुखापतीतून सूट नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

निष्कर्ष
वेदना ही थकव्याची पहिली खूण नव्हे. बिघडलेली हालचाल तिच्या आधी दिसू शकते. महाविद्यालयीन क्रीडाशिक्षकांनी सराव संपत येताना खेळाडूची सर्व्हिस बारकाईने पाहिल्यास आणि ती बिघडताच सराव थांबविल्यास अनेक दुखापती टाळता येतील.