ऑफिसचा कॉम्प्युटर समोर दिसतो, पण असतो कुठे?

बँकेत किंवा कॉल सेंटरमध्ये काही टेबलांवर फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि एक छोटा डबा दिसतो. खरा कॉम्प्युटर डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर चालतो, इथे येतं ते फक्त त्याचं चित्र. हाच व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे व्हीडीआय. डबा चोरीला गेला तरी ग्राहकांचा डेटा त्यात नसतोच.

पण हे सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिनची खरी परीक्षा सकाळी ९ वाजता. सगळे एकदम येतात, शेकडो मशीन्स एकाच वेळी सुरू होतात, त्यांचा भार एकाच स्टोरेजवर पडतो आणि सगळ्यांच्याच स्क्रीन अडकतात. याला 'बूट स्टॉर्म' म्हणतात. उपाय साधा आहे : लोक यायच्या आधीच मशीन्स टप्प्याटप्प्याने सुरू करून ठेवायच्या.

दुसरी भानगड 'गोल्डन इमेज'ची. विंडोज आणि सॉफ्टवेअर एका मूळ प्रतीत बसवायचं, बाकीच्या मशीन्स तिच्यावरून तयार होतात. अपडेट एकदाच करायचं, पण त्यात चूक राहिली तर तीही ५०० जणांकडे एकदम पोचते! म्हणून आधी दहा-बारा जणांवर ट्रायल, आणि जुनी इमेज हाताशी.

बऱ्याच ठिकाणी लॉगआउट केलं की मशीन पुन्हा कोरी होते. मग डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल? ती युझरच्या प्रोफाईलसोबत वेगळी साठवावी लागते. एफएसलॉजिक्स हेच काम करतं. मायक्रोसॉफ्टने ते २०१८ मध्ये विकत घेतलं. प्रोफाईल ठेवायची ही जागा भरत आली आणि अ‍ॅडमिनचं लक्ष नसलं, की हेल्पडेस्कचा फोन वाजायचा थांबत नाही.